त्रिमत

'शिंपला' या सागरतळ प्रयोगशाळेच्या नियंत्रण-कक्षात तीन संगणक शेजारी शेजारी बसवलेले होते आणि त्यांतले दोन प्रभंजन देऊस्करला डोळ्यांसमोर नको होते.

देवगडच्या किनाऱ्यापासून बरंच पश्चिमेला, जिथे समुद्राचा तळ शंभर मीटर खोल आहे, तिथे हा शिंपला ठेवलेला होता. माणसाला पाण्याखाली महिनोन्‌महिने राहता येईल का, हे पाहण्यासाठी तिघेजण त्यात राहत होते. इतक्या खोलीवर साधी हवा चालत नाही. हेलियम आणि त्यात अगदी मोजका ऑक्सिजन, असा श्वासवायू लागतो. ऑक्सिजन थोडा कमी पडला तर माणूस चक्कर येऊन पडतो, जास्त झाला तर झटके येतात. हे प्रमाण सांभाळायचं काम त्या तीन संगणकांचं. तिन्ही लिनक्स या संगणक-प्रणालीवर चालत, पण तिघांवर लिनक्सची तीन वेगळी वितरणं, म्हणजे वेगवेगळ्या गटांनी आपापल्या पद्धतीने बांधलेली रूपं, होती: स्थावर, सुलभ आणि प्रवाह. प्रत्येक वितरणाची देखभाल करणारा एक संगोपक होता. प्रभंजन प्रवाहचा संगोपक. नुसता संगोपक नव्हे, तर ज्यांनी तो घडवला त्यांच्यातला एक. त्यामुळे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय त्याच्याकडे जन्मजात होता.

स्थावरबद्दल त्याची तक्रार अशी, की त्यातलं काहीही बदलत नाही. पाच वर्षांपूर्वीची सॉफ्टवेअर, त्याहून जुना मजकूर-संपादक, आणि त्या संपादकातून बाहेर कसं पडायचं हे पडद्यावर कुठेही लिहिलेलं नाही. "माणूस आत शिरला की थेट पेन्शनीतच बाहेर निघायचा," असं त्याने एका लेखात लिहिलं होतं आणि तो लेख लिनक्सवाल्यांच्या जगात भरपूर फिरला होता. सुलभबद्दल तक्रार नेमकी उलटी. ते दर आवृत्तीला खिडकी बंद करायचं बटण उजवीकडून डावीकडे नेतं, पुढच्या आवृत्तीला परत आणतं, आणि मधल्या काळात चार सेटिंग नाहीशी करतं, कारण म्हणे वापरणाऱ्याला त्यांची गरज नसते. साधा कॅल्क्युलेटर उघडायला ते इतका वेळ घेतं, की तेवढ्यात माणूस बोटांवर हिशेब करून मोकळा होतो. आणि प्रवाह? प्रवाह रोज सकाळी नवा होई. महिन्यातून एकदा त्याचा आवाज बंद पडे, कधी पडदा काळा होई. मग प्रभंजन चहाचा कप घेऊन दुरुस्तीला बसे आणि अर्धा दिवस आनंदात घालवी. याला तो दोष म्हणत नसे. याला तो म्हणे, "यंत्राची ओळख करून घेणं."

"निवेदिताताई, मी तुम्हाला शेवटचं सांगतो," एका सकाळी तो म्हणाला. शेवटचं सांगण्याची ही त्याची पहिलीच वेळ नव्हती. "तिन्ही यंत्रांवर प्रवाह टाकूया. एकच पद्धत, एकच दुरुस्ती. आपली निम्मी डोकेदुखी जाईल."

निवेदिता खानोलकर शिंपल्याच्या प्रमुख आणि स्थावरच्या संगोपक. वयाने प्रभंजनपेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. हेलियममध्ये माणसाचा आवाज बदकासारखा होतो, म्हणून तिघांच्याही कानाला स्वरशोधक लावलेला असे. तो लावणाऱ्याचा आवाज पुन्हा माणसाचा करून इतरांना आणि वर जहाजावर ऐकवी. निवेदिताताईंचा आवाज त्यातूनही शांतच येई.

"प्रभंजन, हवेबद्दल यंत्रांमध्ये मतभेद झाला तर काय होतं?"

"दोघांचं जुळतं ते खरं धरायचं. तिसऱ्याला बंद करायचं. त्रिमताचा नियम. मला काय विचारता, मी स्वतः तो शिकवलाय."

"मग दोघांचं जुळतं ते खरं का धरायचं?"

"कारण दोन यंत्रं एकाच वेळी एकसारखी चुकण्याची शक्यता फार कमी."

"ती कमी कशामुळे? ती वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या डोक्याने घडवली म्हणून. अरे, आमटीत मीठ आहे का, हे तिघांना विचारलं आणि दोघांनी एकाच चमच्याने चाखून मान हलवली, तर ती दोन मतं नाहीत. एकच मत आहे, फक्त दोनदा मोजलेलं. तू तिन्हीकडे प्रवाह घातलास तर प्रवाहमधली प्रत्येक चूक तीन मतांनी निवडून येईल."

"आणि माझ्यात चूक नसेल तर?"

इक्बाल मुजावर, सुलभचा संगोपक, मागे पाणबुड्याचा पोशाख तपासत बसला होता. तो मिरजेचा. तिघांत तोच सर्वांत लहान आणि एकटाच असा, की ज्याला कुठल्याच वितरणाचा राग येत नसे. "सर, चूक नसल्यावर मग मशिनी तरी तीन कशाला? एकच ठेवू की," तो म्हणाला आणि हसला. प्रभंजनलाही हसावं लागलं, पण मनातून तो काही हसला नाही.

या तिघांत खरा फरक कुठे होता, ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. ऑक्सिजन मोजणारा मापक समुद्राच्या दमट हवेत कधी कधी क्षणभर गप्प बसे. त्याच्याकडून आकडा येतच नसे. अशा वेळी काय करायचं, हे ज्याच्या त्याच्या घडणीवर होतं. स्थावरचा मापवाचक, म्हणजे मापकाचा आकडा वाचणारा भाग, थोडा वेळ वाट पाही, आणि तरीही आकडा आला नाही तर सगळं थांबवी, मुख्य झडप बंद करी आणि राखीव टाक्या उघडी. सुलभ पडद्याच्या मधोमध एक खिडकी उघडी, 'काहीतरी चुकलं आहे,' आणि खाली एकच बटण, 'ठीक'. काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही. प्रवाहचा मापवाचक मात्र आकडा आला नाही तर मागचाच आकडा पुन्हा धरी आणि पुढे चालू लागे. त्यामुळे पडद्यावरची रेषा कशी सुबक, सरळ दिसे. ही कल्पना प्रभंजनची स्वतःची होती आणि तिचा त्याला अभिमान होता.

ती खिडकी. सुलभची ती खिडकीच सगळ्याच्या मुळाशी होती.

इक्बाल पोशाख चढवून पाण्यात जाई, तेव्हा सुलभकडे लक्ष देण्याचं काम प्रभंजनवर येई. दिवसातून कितीदा तरी ती खिडकी उघडे. काहीतरी चुकलं आहे. ठीक. काहीतरी चुकलं आहे. ठीक. मापक क्षणात पुन्हा बोलू लागलेला असे, तरी खिडकी बटण दाबल्याशिवाय हटत नसे. "अगं, काय चुकलंय ते तरी सांग!" असं तो यंत्रावर ओरडे. एका दुपारी इक्बाल बाहेर असताना त्याने सरळ सुलभचा पासवर्ड टाकला (तो अडीअडचणीसाठी तिघांनाही ठाऊक होता) आणि चालू यंत्रावरच एक थिगळ चढवलं. चालू यंत्रावरचं थिगळ, म्हणजे यंत्र बंद न करता त्याच्या स्मृतीतला एक भाग काढून तिथे दुसरा बसवायचा. सुलभचा मापवाचक गेला, त्या जागी प्रवाहचा मापवाचक आला. वरून सुलभ पहिल्यासारखीच दिसत राहिली. खिडकी तेवढी उघडेना.

इक्बाल आला की त्याला सांगायचं, असं प्रभंजनने ठरवलं होतं. पण संध्याकाळी इक्बालच म्हणाला, "आज आमची सुलभ लई शहाण्यासारखी वागली बघा, सर. एकदाबी विचारलं नाही तिनं." आणि प्रभंजनला त्या वाक्याची इतकी मजा वाटली, की ती आणखी दोन दिवस चाखावी म्हणून तो गप्प बसला. दोन दिवसांचे आठवडे झाले. मग सांगणं अवघड झालं, आणि मग ते विसरलं गेलं.

अपघात झाला तो भर दिवसा, तिघेही आत असताना. ऑक्सिजनच्या नळीत कचरा अडकला आणि पुरवठा हळूहळू कमी होऊ लागला. त्याच सुमारास मापकाच्या केबलमध्ये ओल शिरली आणि मापक कायमचा गप्प झाला. प्रवाहने मागचाच आकडा धरला: हवा उत्तम. सुलभनेही मागचाच आकडा धरला: हवा उत्तम. स्थावरने घडणीप्रमाणे थोडी वाट पाहिली, आणि मग म्हटलं, हवेचा भरवसा नाही. त्याने मुख्य झडप बंद केली आणि राखीव टाक्या उघडायला घेतल्या. पण तेवढ्यात तिघांची मतं मोजणाऱ्या त्रिमत-नियंत्रकाने दोन मतं एकीकडे आणि एक मत दुसरीकडे असं पाहिलं आणि नियमाप्रमाणे स्थावरला बंद केलं. झडप बंद राहिली. टाक्या उघडल्याच नाहीत. दोन्ही पडद्यांवर सरळ, सुबक रेषा चालू होती.

इक्बाल खाली कोसळला. निवेदिताताईंनी त्याचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि पडद्यांकडे ढुंकूनही न बघता धडपडत जाऊन टाकीचं चाक हाताने फिरवलं. त्या स्वतः तिथेच गुडघ्यांवर बसल्या. प्रभंजनला आठवत होतं ते एवढंच, की त्याने त्या क्षणी पडद्याकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "पण आकडा तर बरोबर आहे!"

तिघेही वाचले. दाबबंद कुपीतून त्यांना वर जहाजावर आणलं आणि निर्दाब-कक्षात ठेवलं. खोल पाण्यातला माणूस एकदम बाहेर काढता येत नाही. त्याच्या अंगात मुरलेला वायू सावकाश निघावा लागतो. म्हणून तिघांनी आणखी काही दिवस त्या लोखंडी नळकांड्यात, हेलियममध्येच, एकमेकांसमोर काढायचे होते. इक्बालचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, बरा होईल, पण पुन्हा खोल पाण्यात नाही.

शिंपल्यातले संगणक नियमानुसार बंद करून पुन्हा चालू करण्यात आले. त्यांच्या नोंदी कक्षात आल्या, आणि प्रभंजनने त्या उघडल्या. प्रवाहची रेषा आणि सुलभची रेषा शेवटच्या दशांशापर्यंत एक होत्या. दोन वेगळ्या डोक्यांनी घडवलेली यंत्रं इतकी जुळत नसतात. त्याला थिगळ आठवलं.

आणि ते आता कुठेही नव्हतं. थिगळ होतं स्मृतीत. यंत्र बंद होताच ते पुसलं गेलं होतं. सुलभ पुन्हा मूळच्यासारखी स्वच्छ झाली होती. तिच्या नोंदीत आपला हात दिसू नये म्हणून त्याने तेव्हाच थिगळाची ओळ गाळली होती. अपराध लपवायला नव्हे, इक्बालची गंमत करायला.

"चूक स्थावरचीच दिसते," निवेदिताताई समोरच्या बाकावरून म्हणाल्या. त्याही नोंदी वाचत होत्या. "दोघेही सांगतात, त्याने झडप बंद करेपर्यंत हवा ठीक होती. पुढे मापक ओलीने एकाच आकड्यावर अडकला असेल, पण तो गप्प झाला असता तर सुलभने खिडकी उघडली असती. ती उघडली नाही. म्हणजे स्थावरला भास झाला आणि त्याने चांगली चाललेली हवा तोडली. जुनं ते सोनं, जुनं ते सोनं, म्हणत बसले मी. माझ्या हट्टापायी इक्बालचा जीव जात होता."

त्यांचा तर्क कुठेच चुकत नव्हता. तीच तर खरी शरमेची गोष्ट होती. निवेदिताताईंनी आयुष्यभर ज्या शिस्तीने विचार केला, त्याच शिस्तीने त्या स्वतःला फासावर चढवत होत्या, आणि चोर समोर पाय पोटाशी घेऊन बसला होता. प्रभंजनने तोंड उघडलं. बोलणं कक्षाबाहेरच्या लोकांपर्यंत जाऊ नये म्हणून कानावरचा स्वरशोधक काढला आणि म्हणाला, "ताई, मला एक सांगायचंय." पण स्वरशोधक नसल्यामुळे ते बदकाच्या आवाजात आलं, आणि इक्बालला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसू फुटलं. त्याला हसताना पाहून निवेदिताताईही हसल्या. प्रभंजनने स्वरशोधक पुन्हा लावला. "काही नाही," तो म्हणाला.

चौकशी-समितीचा नियम होता, की तिघांनी आपापला जबाब स्वतंत्रपणे लिहून मोहोरबंद पाठवायचा आणि त्याआधी त्याबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही. मतं स्वतंत्र राहावीत म्हणून. प्रभंजन त्या नियमाच्या आड जाऊन लपला. आपण बोललो तर नियम मोडेल, असं त्याने मनाला सांगितलं. मनाला खरं कारण माहीत होतं. समितीला लिहिणं सोपं होतं. समितीला डोळे नव्हते. समोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत बघून सांगण्याची त्याची छाती नव्हती. त्याने जबाबात सगळं लिहिलं. थिगळ, पासवर्ड, खिडकी, गाळलेली ओळ. काहीच लपवलं नाही, आणि लिहून झाल्यावर त्याला हलकंसुद्धा वाटलं.

समितीचे अध्यक्ष डॉ. पुरुषोत्तम आठल्ये यांचा आवाज कक्षातल्या ध्वनिवर्धकावर आला, तेव्हा तिघेही दुपारचं जेवून बसले होते.

"जबाब उघडले. खानोलकर आणि मुजावर यांचे जबाब जुळतात: स्थावरने चुकीच्या वेळी झडप बंद केली. मुजावरांनी असंही लिहिलंय, की त्यांच्या यंत्राला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. देऊस्करांचा जबाब वेगळा आहे." "देऊस्करांनी सगळा दोष स्वतःवर घेतलाय. त्यांनीच सुलभमध्ये बदल केला होता म्हणे. आम्ही सुलभ तपासली. तसा काडीचाही पुरावा नाही. देऊस्कर, ज्या स्थावरवर तुम्ही जन्मभर टीका केलीत, त्याच्यासाठी तुम्ही स्वतःचं नाव पणाला लावलंत. हे मोठेपण आहे. पण पुरावा म्हणून आम्हाला ते धरता येणार नाही. दोन विरुद्ध एक. बाहेर आलात की तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, असं समितीने ठरवलंय."

प्रभंजनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिक्षेला तो तयार होता. शालीला नव्हता.

ध्वनिवर्धक बंद झाला. त्या नळकांड्यात कुठे बघायचं, हा प्रश्न होता. ते इतकं लहान होतं, की जिकडे बघावं तिकडे माणूसच दिसे.

"केलं होतंस?" निवेदिताताईंनी विचारलं.

"हो."

"कधी?"

"इक्बाल गाळाचे नमुने आणायला गेला होता तेव्हा. ती खिडकी सारखी उघडत होती म्हणून."

इक्बाल आपल्या थरथरत्या हाताकडे बघत होता. "खिडकीचा त्रास होत होता होय? मला सांगायचं की, सर. एका सेटिंगमधनं तिचा आवाज बारीक करता येतोय." मग म्हणाला, "मी लिहून दिलं, माझ्या मशिनीला कुणी हात लावला न्हाई. माझ्या सहीनिशी खोटं गेलं की ते."

प्रभंजनला वाटलं, याने एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

"जबाब बदलता येतील," तो घाईने म्हणाला. "तुम्ही दोघांनी आता सांगितलंत तर..."

"नाही बदलता येणार," निवेदिताताई म्हणाल्या. "एकमेकांशी बोलल्यानंतरचा जबाब स्वतंत्र राहत नाही. तो नियम मीच घालून घेतला होता समितीकडून. काल सांगितलं असतंस तर मी खरं तेच लिहिलं असतं, नियम मोडून. कालपर्यंत तुझ्या हातात होतं ते." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी आदेश आला. स्थावर शिंपल्यातून काढावं, आणि बांधकाम चालू असलेल्या दोन्ही नव्या प्रयोगशाळांतूनही. खानोलकरांना संगोपक-पदावरून मोकळं करावं. मुजावर पाण्यात उतरू शकत नसल्यामुळे सुलभलाही संगोपक उरला नाही. तेव्हा तिन्ही यंत्रांवर प्रवाह बसवावा. नव्या नेमणुका होईपर्यंत, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या यंत्राच्या संगोपक-पदांचा अतिरिक्त कार्यभार श्री. देऊस्कर यांच्याकडे राहील.

प्रभंजनने आयुष्यभर जे मागितलं, ते त्याच्या पदरात पडलं होतं.

त्याने आधी हातपाय मारून पाहिले. मापक गप्प झाला तर मागचा आकडा धरायचा, ही प्रवाहमधली चाल त्याने त्याच दिवशी बदलली. आठल्ये खूश झाले. "बघा, एका दुरुस्तीत तिन्ही यंत्रं सुधारली! स्थावरला यासाठी किती बैठका लागल्या असत्या!" प्रभंजनने त्यांना समजावायचा प्रयत्न केला, की तीच तर भीती आहे. जी चूक कळली ती सुधारली. जी अजून कुणाला माहीत नाही, तीही तिन्ही यंत्रांत एकसारखीच आहे, आणि ती बाहेर येईल तेव्हा तीन मतांनी बाहेर येईल. "देऊस्कर, आता विनय पुरे," आठल्ये म्हणाले. "चाचणीत हजारो वेळा हवा मोजली. तिन्ही यंत्रांचा एकदासुद्धा मतभेद झाला नाही. असं एकमत आजवर कुठल्याच प्रयोगशाळेत दिसलेलं नाही."

शिंपल्यात उतरणाऱ्या पुढच्या तुकडीतली मृणाल शिरधनकर कक्षाच्या जाड काचेशी येऊन उभी राहिली. अलिबागची, तिशीतली, हुशार अभियंता. फोन उचलून ती म्हणाली, "सर, तुमचे लेख वाचूनच मी प्रवाहवर आले. खाली तिन्हीकडे प्रवाह आहे म्हटल्यावर घरचेसुद्धा निर्धास्त झालेत." मागून तिचे दोन सोबती हात हलवत होते. प्रभंजनने काचेवर हात ठेवला. जे सांगायचं ते त्याने सांगून झालं होतं, आणि त्याची किंमत एक मत इतकी ठरली होती.

उतरण्याच्या आदल्या दिवशी समितीकडून शेवटची पायरी आली. तिन्ही यंत्रांच्या संगोपकांनी, प्रत्येकाने स्वतंत्रपणे, 'यंत्र सुरक्षित आहे' किंवा 'नाही' असं मत कारणासह आणि मोहोरबंद पाठवावं. दोन मतं 'नाही' अशी आली तर उतरणं थांबेल. तिन्ही मतं 'नाही' अशी आणि एकाच कारणाची आली, तर त्या कारणाची नव्याने चौकशी होईल. झालेली चौकशीसुद्धा पुन्हा उघडेल.

प्रभंजनने ते दोनदा वाचलं. मग तो निवेदिताताईंच्या बाकापाशी गेला. या खेपेस स्वरशोधक काढला नाही आणि खालीही बघितलं नाही.

"ताई, पहिल्या यंत्राचा संगोपक मी. दुसऱ्याचा मी. तिसऱ्याचाही मीच."

त्यांना समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे तू एकाच चमच्याने तीनदा आमटी चाखणार."

"हो."

"ज्या खोटेपणाने हे सगळं झालं, तोच खोटेपणा पुन्हा करणार."

"हो. खरं एकदा सांगून झालं. ते एकच मत होतं म्हणून टाकून दिलं. आता तेच तीनदा सांगतो."

निवेदिताताईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत क्षमा नव्हती, पण त्यांनी नजर वळवली नाही. "पाठव," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला खाली जाऊ देऊ नकोस."

त्याने पहिलं मत लिहिलं: सुरक्षित नाही. कारण, तिन्ही यंत्रं म्हणजे एकच यंत्र आहे. शिंपल्यातल्या अपघातातही दोन यंत्रं एकच झाली होती. प्रभंजन देऊस्कर याने सुलभचा मापवाचक गुपचूप बदलला होता. स्थावर बरोबर होतं. खाली सही केली, संगोपक, यंत्र क्रमांक एक. मग तेच दुसऱ्यांदा लिहिलं. तेच तिसऱ्यांदा. तिसऱ्या सहीच्या वेळी इक्बाल त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "सर, तिन्ही सह्या एकसारख्या दिसतील की ओ," तो म्हणाला. "दिसू देत," प्रभंजन म्हणाला.

मतं उघडली गेली. मृणाल आणि तिचे सोबती जहाजावरच राहिले. संध्याकाळी समितीचं पत्र आलं आणि ध्वनिवर्धकावर वाचून दाखवण्यात आलं.

"तिन्ही संगोपकांनी एकमताने यंत्रणा असुरक्षित ठरवली आहे. तिघांनीही शिंपल्यातल्या अपघाताचं एकच कारण दिलं आहे. खानोलकर व मुजावर यांचे जबाब नव्याने घेण्यात येतील. श्री. देऊस्कर यांनी याआधी दिलेला हाच जबाब एकट्याचा असल्यामुळे समितीला स्वीकारता आला नव्हता. आता मात्र तीन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे त्याला दुजोरा दिला असल्याने, शंकेला जागा उरलेली नाही."

इक्बालला हसू आवरेना. निवेदिताताईंनीही तोंडावर पदर धरल्यासारखा हात धरला. खरं बाहेर आलं होतं, एका स्त्रीचं नाव परत मिळत होतं, तीन माणसं जिवानिशी वाचली होती. प्रभंजन देऊस्कर मात्र मान खाली घालून बसला होता, कारण ते सगळं ज्या एकमताने घडलं होतं, ते एकमत खोटं होतं, आणि हे जाणणारा तज्ज्ञ समितीच्या त्या तिघांत एकच होता.